जिल्हा न्यायालयातले अपील फेटाळल्यावर : मुंबई उच्च न्यायालयातील दुसऱ्या अपिलाची वाट

वाटपाचा दावा तालुक्याच्या न्यायालयात हरलेला आणि जिल्हा न्यायालयातले अपीलही गमावलेला पक्षकार वकिलाला पहिला प्रश्न विचारतो, "आता हायकोर्टात जाता येईल ना?" जाता येते. मात्र तिसऱ्या पायरीवर पुन्हा पहिल्यापासून सगळे सांगता येईल, साक्षीदारांचे खरेखोटे नव्याने ठरेल आणि न्यायाधीश जमीन कोणी कसली याचा छडा लावतील, अशी जी समजूत गावोगावी रुजलेली आहे, ती घेऊन तिथे गेले तर अपील पहिल्याच तारखेला संपण्याची शक्यता दाट असते. म्हणून या लेखात दुसऱ्या अपिलाची वाट क्रमाने सांगितली आहे. शेतजमिनीच्या वाटपाचा दावा नमुन्यादाखल डोळ्यांसमोर ठेवला आहे, कारण दिवाणी न्यायालयांत घरोघरचे वाद बहुतेक याच रूपात येतात.

आधी कोणत्या दारात उभे राहायचे ते पाहू. महाराष्ट्रात आणि गोव्यात दिवाणी वादांचे सर्वांत वरचे न्यायालय म्हणजे १८६२ साली राणीच्या सनदेने स्थापन झालेले मुंबई उच्च न्यायालय. दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव यांवरही त्याचीच अधिकारिता चालते. न्यायालय एकच असले तरी ते अनेक ठिकाणी बसते. विदर्भातील ११ जिल्ह्यांचे काम नागपूर खंडपीठाकडे जाते, मराठवाड्यासह अहिल्यानगर, जळगाव, धुळे आणि नंदुरबारचे औरंगाबाद खंडपीठाकडे आणि गोव्याचे पर्वरी येथे. शहराचे नाव बदलून छत्रपती संभाजीनगर झाले, तरी वकिलांच्या बोलण्यात अजून 'औरंगाबाद बेंच' हेच नाव ऐकू येते. सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांच्या पक्षकारांना पूर्वी मुंबईच गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात भाऊसिंगजी रस्त्यावरील जुन्या जिल्हा न्यायालयाच्या इमारतीत सर्किट बेंच, म्हणजे उच्च न्यायालयाचे फिरते पीठ, सुरू झाल्याने त्यांचा रात्रीचा प्रवास आणि मुंबईतला मुक्काम वाचला आहे. मुंबई, ठाणे, पालघर, रायगड, पुणे आणि नाशिक यांचे काम मात्र फोर्टमधल्या मुख्य पीठापुढेच चालते.

मुंबई शहराचा मामला जरा वेगळा आहे. तिथे उच्च न्यायालयात मूळ दावेही दाखल होतात, पण त्यासाठी दाव्याचे मूल्य मोठे लागते. जानेवारी २०२४ पासून नगर दिवाणी न्यायालयाची मर्यादा १ कोटीवरून १० कोटी रुपयांवर नेण्यात आली असून, त्याखालचे दावे आता त्या न्यायालयात जातात. त्याच्या हुकूमनाम्यावर, म्हणजे निकालाप्रमाणे काढलेल्या औपचारिक आदेशावर, थेट उच्च न्यायालयात पहिले अपील होते. या लेखाचा विषय मात्र तालुका, जिल्हा आणि मग उच्च न्यायालय अशा तीन पायऱ्यांचा आहे.

नक्कल आणि तारखा

निकाल लागला त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, निकालपत्राच्या आणि हुकूमनाम्याच्या प्रमाणित नकलेसाठी अर्ज द्यावा. उच्च न्यायालयातील अपिलाला ९० दिवसांची मुदत आहे. नक्कल मिळण्यात जाणारा आवश्यक काळ या मुदतीतून वगळला जातो, पण तो अर्ज दिल्यापासूनचाच. हुकूमनामा अजून तयारच झालेला नाही, तर अर्ज कशाला द्यायचा, असा विचार करून महिनाभर थांबणाऱ्याचा तो महिना वाया जातो, कारण अर्जापूर्वी हुकूमनामा तयार व्हायला लागलेला वेळ कायदा वगळत नाही.

नक्कल हातात आली की तिचे शेवटचे पान उलटून पाहावे. तिथे एक रबरी शिक्का असतो आणि त्यात शाईच्या पेनाने तारखा भरलेल्या असतात: अर्ज केल्याची, नक्कल तयार झाल्याची आणि नक्कल दिल्याची. उच्च न्यायालयातील कारकून मुदत मोजतो ती याच शिक्क्यावरून. समजा निकाल १० जूनला लागला, अर्ज १४ जूनला दिला आणि नक्कल २ जुलैला तयार झाली. निकालाचा दिवस सोडून ९० दिवस मोजले तर ८ सप्टेंबर येतो. त्यात १४ जून ते २ जुलै हे १९ दिवस मिळवले की शेवटची तारीख २७ सप्टेंबर होते. नक्कल तयार असूनही पक्षकार ती आणायला १५ दिवसांनी गेला, तर ते १५ दिवस त्याच्याच खात्यात पडतात. शेवटचा दिवस सुट्टीत आला तर न्यायालय उघडेल त्या दिवशी अपील दाखल करता येते. तरीही दिवाळीच्या सुट्टीचा हिशेब धरून कागद गोळा करत बसणे ही सवय चांगली नाही. वाद वाणिज्यिक न्यायालय कायद्याखालचा असेल तर मुदत ६० दिवसांचीच असते, हेही लक्षात ठेवावे.

मुदत उलटलीच तर विलंब माफीचा अर्ज सोबत द्यावा लागतो, आणि उशिराचे कारण पटण्याजोगे, शक्य तिथे कागदाने आधारलेले असावे लागते. आजारपण असेल तर दवाखान्याचे कागद, चुकीच्या न्यायालयात गेले असल्यास तिथली रोजनामा नक्कल. "कायद्याचे ज्ञान नव्हते" एवढ्या एका वाक्यावर वर्षे माफ होण्याचे दिवस आता गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटक गृहनिर्माण मंडळाच्या दुसऱ्या अपिलातील ३९६६ दिवसांचा विलंब माफ करणारा तिथल्या उच्च न्यायालयाचा आदेश रद्द केला आणि सरकारी यंत्रणेच्या ढिलाईवर उच्च न्यायालयांनी पांघरूण घालू नये, असे बजावले. सरकारी संस्थेला ही वागणूक मिळत असेल, तर खासगी पक्षकाराने काय ते समजावे.

प्राथमिक हुकूमनाम्याचा सापळा

वाटपाच्या दाव्यात निकाल दोन टप्प्यांत येतो. कोणाचा हिस्सा किती, हे प्राथमिक हुकूमनाम्यात ठरते. प्रत्यक्ष कोणता तुकडा कोणाला, हे पुढे अंतिम हुकूमनाम्यात किंवा, सारा भरणाऱ्या शेतजमिनीच्या बाबतीत, जिल्हाधिकाऱ्यामार्फत होणाऱ्या सरस-निरस (जमिनीचा चांगला-वाईट कस पाहून केलेल्या) वाटपात ठरते. पुष्कळ जण प्राथमिक हुकूमनाम्यावर गप्प बसतात आणि मोजणी होऊन ताबा जायची वेळ आली की वकिलाकडे धावतात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९७ नुसार प्राथमिक हुकूमनाम्यावर अपील केले नसेल, तर त्यातील हिश्शांचा निर्णय अंतिम हुकूमनाम्याविरुद्धच्या अपिलात उकरून काढता येत नाही. आठव्या हिश्शाऐवजी चौथा हिस्सा हवा असेल, तर लढायची वेळ पहिल्या टप्प्यावरच असते.

कायद्याचा सारभूत प्रश्न म्हणजे काय

आता मुख्य गोष्ट. संहितेच्या कलम १०० नुसार दुसरे अपील फक्त कायद्याच्या सारभूत प्रश्नावर चालते. वकील मंडळी त्याला 'सब्स्टॅन्शियल क्वेश्चन' म्हणतात. १९७६ च्या दुरुस्तीनंतर ही अट कडक झाली. अपिलाच्या ज्ञापनात, म्हणजे अपिलाच्या लेखी अर्जात, प्रश्न नेमका लिहावा लागतो, न्यायाधीशांचे समाधान झाले तर ते तो स्वतःच्या शब्दांत मांडतात, आणि पुढची सुनावणी त्या प्रश्नापुरतीच होते. सुनावणीत आणखी प्रश्न घ्यायचा झाल्यास न्यायाधीशांना त्याची कारणे नोंदवावी लागतात.

'सारभूत' कशाला म्हणायचे याची कसोटी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९६२ साली घालून दिली, आणि ते प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातूनच वर गेलेले होते. तो प्रश्न पक्षकारांच्या हक्कांवर थेट आणि ठळक परिणाम करणारा हवा, आणि त्याचे उत्तर वरिष्ठ न्यायालयाने अंतिमतः दिलेले नसावे किंवा त्यात दोन मते संभवत असावीत, असा तिचा गाभा आहे. पुढे २००१ मध्ये संतोष हजारी प्रकरणात आणखी एक मुद्दा स्पष्ट झाला: प्रश्नाचा पाया पक्षकारांनी दाव्यात लेखी मांडलेल्या म्हणण्यात आणि खालच्या न्यायालयांनी काढलेल्या तथ्यांच्या निष्कर्षात असला पाहिजे. तालुक्याच्या न्यायालयात कधी न घेतलेला बचाव उच्च न्यायालयात जाऊन सुचला, तर तो तिथे उपयोगी पडत नाही.

हे कागदावर कसे दिसते, ते उदाहरणांनी पाहावे. "प्रतिवादीचा साक्षीदार खोटे बोलला, त्यावर न्यायालयाने विश्वास ठेवायला नको होता," हा तथ्याचा वाद आहे, आणि दोन्ही न्यायालयांनी त्याच साक्षीदारावर विश्वास ठेवला असेल तर उच्च न्यायालय त्यात सहसा शिरत नाही. पण मृत्युपत्राच्या जोरावर भावाला सगळी जमीन मिळाली, आणि मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करणारा प्रमाणक साक्षीदार हयात व हजर राहण्याजोगा असूनही त्यांपैकी एकालाही पिंजऱ्यात उभे न करता मृत्युपत्र शाबित धरले गेले, तर तो कायद्याचा प्रश्न होतो. दुसरे उदाहरण आपल्याकडे तर पावलोपावली भेटते. "फेरफार मंजूर झाला आहे, सातबाऱ्यावर नाव आहे, म्हणून वाटप पूर्वीच झाले," असे खालच्या न्यायालयाने केवळ त्या नोंदीवरून ठरवले असेल, तर मुद्दा कायद्याचा आहे, कारण महसुली नोंद ही सारावसुलीसाठी असते आणि तिने मालकी मिळत नाही, हे तत्त्व पक्के आहे. नोंदणी न झालेले वाटणीपत्र हक्काचा पुरावा म्हणून वाचले गेले, पुराव्याचा भार ज्याच्यावर नव्हता त्याच्यावर टाकला गेला, महत्त्वाचा दस्त मुळी पाहिलाच गेला नाही, किंवा पुरावा शून्य असताना निष्कर्ष काढला गेला, तर तेही याच गटात येते. दुसऱ्या अपिलात खरी ताकद असते ती अशा जागी.

त्यामुळे वकिलाकडे जाण्याआधी स्वतः एक काम करावे. जिल्हा न्यायालयाचे निकालपत्र घेऊन मुद्द्यांच्या तक्त्यापासून वाचायला बसावे, आणि प्रत्येक मुद्द्याखाली न्यायाधीशांनी कोणता दस्त, कोणत्या निशाणी क्रमांकासह (न्यायालयाने दस्ताला दिलेल्या क्रमांकासह) वाचला, याची खूण करावी. 'निशाणी ४२' हे खरेदीखत दाव्यात दाखल आहे, पण निकालपत्रात त्याचा एकदाही उल्लेख नाही, असे सापडले तर वकिलाला सांगण्याजोगी ती पहिली गोष्ट. पहिल्या अपिलाचे न्यायालय हे तथ्यांचे शेवटचे न्यायालय असते, त्यामुळे त्याने निर्णयासाठी मुद्दे मांडून प्रत्येकावर कारणे द्यायची असतात. दोन पानांत "खालच्या न्यायालयाशी सहमत" म्हणून अपील निकाली निघाले असेल, तर प्रकरण फेरविचारासाठी जिल्हा न्यायालयाकडे परत जाऊ शकते. माझ्या पाहण्यात दुसऱ्या अपिलांतले बरेचसे यश हुकूमनामा उलटून मिळत नाही, ते असे परत पाठवण्यातून मिळते, आणि पक्षकाराने तेवढ्याची तयारी ठेवावी.

दाखल करताना

उच्च न्यायालयाचे काम इंग्रजीत चालते, आणि तालुक्यातले दावे, जबाब, साक्षी मराठीत असतात. म्हणून महत्त्वाच्या कागदांची इंग्रजी भाषांतरे लागतात आणि अस्पष्ट किंवा हस्तलिखित दस्तांच्या टंकलिखित प्रतीही. जुन्या मोडी दस्तावर वाद असेल, तर लिप्यंतर आणि भाषांतर दोन्ही करावे लागतात, आणि त्यात वेळ जातो. कोर्ट फी दाव्याच्या मूल्यावर अवलंबून असते. मालमत्तेच्या वादात महिलांना राज्य शासनाच्या १९९४ च्या अधिसूचनेने कोर्ट फीतून सूट दिली आहे, पण ही गोष्ट अर्जात मांडायची राहून गेल्याने बहिणींनी फी भरल्याची उदाहरणे कमी नाहीत. महिला, अनुसूचित जाती-जमातींचे पक्षकार आणि कायद्याने ठरवलेले इतर गट यांना उच्च न्यायालयाच्या विधी सेवा समितीकडून विनामूल्य वकीलही मिळू शकतो, आणि महिलांसाठी त्याला उत्पन्नाची अट नाही.

अपील दाखल झाले की लगेच नोंदणी क्रमांक मिळत नाही. आधी 'स्टॅम्प नंबर' मिळतो. कार्यालय कागद तपासून हरकती काढते: पान क्रमांक चुकला, वकीलपत्रावर सही नाही, वारसांचा पत्ता अपुरा, भाषांतर जोडलेले नाही, असे काहीही असू शकते. या हरकती मुदतीत दूर न केल्यास, "अमुक आठवड्यांत पूर्तता न झाल्यास अपील आपोआप फेटाळले जाईल" अशा स्वरूपाचा आदेश होतो, आणि पक्षकार गावी निर्धास्त असताना अपील गेलेले असते. ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर सोळा अक्षरांच्या सीएनआर क्रमांकाने प्रकरणाची स्थिती दिसते. आठवड्यातून एकदा ती पाहण्याची सवय वकिलावरचा विश्वास कमी असल्याचे लक्षण मुळीच नाही. प्रकरण बोर्डावर कधी लागणार, हेही तिथेच कळते.

स्थगिती

नुसते अपील दाखल केल्याने हुकूमनाम्याची अंमलबजावणी थांबत नाही. विरुद्ध पक्ष दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करून ताबा घेऊ शकतो, आणि मोजणीदार शेतावर उभा असताना "आमचे अपील चालू आहे" हे उत्तर चालत नाही. म्हणून अपिलासोबतच अंतरिम अर्ज देऊन स्थगिती किंवा 'जैसे थे' आदेश मागावा लागतो. स्थगितीसाठी मोठे नुकसान होण्याची शक्यता, अर्जात अकारण उशीर नसणे आणि हमी देण्याची तयारी, या तीन गोष्टी पाहिल्या जातात. पैशाच्या हुकूमनाम्यात रक्कम किंवा तिचा भाग भरायला सांगितले जाते. विलंब असेल तर तो माफ होईपर्यंत अपील मुळात उभेच राहिलेले नसते, आणि स्थगिती मागताना हा अडथळा आधी पार करावा लागतो.

खालच्या न्यायालयातील कामकाजाला उच्च न्यायालयाने दिलेली स्थगिती सहा महिन्यांनी आपोआप उठते, असे २०१८ च्या एका निकालाने ठरले होते, आणि त्याचा आधार घेऊन काही ठिकाणी न्यायालयांनी कामकाज पुढे चालवलेही होते. २९ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने तो नियम रद्द केला. आता स्थगिती उठवायची तर न्यायालयाने दोन्ही बाजू ऐकून तसा आदेश द्यावा लागतो. जुन्या समजुतीवर विसंबून कोणी दरखास्त पुढे रेटत असेल, तर हा निकाल दाखवावा.

जिंकलेल्या पक्षालाही करण्यासारखे काही आहे. विरुद्ध पक्ष अपिलात जाणार याची कुणकुण असेल, तर जिंकलेल्या पक्षाने उच्च न्यायालयात कॅव्हेट (आपल्याला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये अशी सूचना) दाखल करावे, म्हणजे आपल्याला न ऐकता विरुद्ध पक्षाला स्थगिती मिळणे अवघड होते. कॅव्हेटचे आयुष्य ९० दिवसांचे असते, आणि तेवढ्यात अपील न आल्यास ते नव्याने द्यावे लागते.

वाट पाहण्याच्या वर्षांत

दाखलपूर्व सुनावणीत प्रश्न मांडला गेला की न्यायालयाने अपील सुनावणीसाठी दाखल करून घेतले असे म्हणतात, आणि मग अंतिम सुनावणीची वाट सुरू होते. ही वाट किती लांबते, याचा नमुना नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबईत समोर आला. वडील १९५२ साली वारले, म्हणजे १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या आधी, आणि मागे विधवा व मुलगी होत्या. अशा मुलीला वडिलांच्या मिळकतीत वारसाहक्क मिळतो का, हा प्रश्न होता. वेगवेगळ्या एकलपीठांची मते परस्परविरोधी असल्याने तो मोठ्या पीठाकडे पाठवला गेला, आणि न्या. अतुल चांदुरकर व न्या. जितेंद्र जैन यांच्या खंडपीठाने, विधवा हयात असताना त्या काळच्या कायद्याप्रमाणे मुलीला असा हक्क नव्हता, असा निर्णय दिला. ते दुसरे अपील १९८७ सालचे होते. निकाल कानाला कठोर लागतो, पण वारसाहक्क मृत्यूच्या दिवशीच्या कायद्याने ठरतो, या तत्त्वाला धरून आहे. ज्या घरांत आजोबांच्या मृत्यूची तारीख कोणाला नीट आठवत नाही, त्यांनी आधी ग्रामपंचायतीतून जुना मृत्यू दाखला मिळवावा, कारण १९५६ च्या अलीकडे की पलीकडे, एवढ्यावर सगळा हिशेब फिरू शकतो.

याच्या उलट बाजूला याच कायद्यातली २००५ ची दुरुस्ती आहे. मुलींना जन्मतः सहदायिक हक्क, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत हिस्सा, देणाऱ्या या दुरुस्तीचा अर्थ लावताना मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१४ साली एक भूमिका घेतली, सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनी २०१५ मध्ये वडील ही दुरुस्ती लागू झाली त्या तारखेला हयात असण्याची अट घातली, आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी तीन न्यायाधीशांच्या पीठाने ती अट काढून टाकली. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेली वाटपे मात्र सुरक्षित राहिली. तोंडी वाटपाचा बचाव आता अपवादानेच आणि सरकारी कागदांचा भक्कम आधार असेल तरच मानला जातो. प्राथमिक हुकूमनामा झाला असून अंतिम व्हायचा असेल, तर बदललेल्या कायद्याप्रमाणे हिस्से बदलून घेता येतात. १९९० च्या सुमाराचा, अजून अंतिम न झालेला दावा घरात पडून असेल, तर बहिणींनी हा मुद्दा वकिलाला आवर्जून विचारावा.

दोन न्यायाधीशांचे मत जुळले नाही तर काय होते, हेही याच काळात दिसले. माहिती तंत्रज्ञान नियमांतील सरकारी तथ्य-तपासणी कक्षाविरुद्धच्या रिट याचिकांवर ३१ जानेवारी २०२४ रोजी दोन न्यायाधीशांनी भिन्न निकाल दिले. प्रकरण तिसऱ्या न्यायाधीशांकडे, म्हणजे न्या. चांदुरकर यांच्याकडेच गेले, आणि २० सप्टेंबर २०२४ रोजी त्यांनी ती तरतूद घटनाबाह्य ठरवली. दुसरे अपील सहसा एकाच न्यायाधीशासमोर चालते, त्यामुळे तिथे ही वेळ क्वचितच येते.

लांबलेल्या अपिलांचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे पक्षकाराचा मृत्यू. अपील चालू असताना कोणी वारले, तर ९० दिवसांत वारसांची नावे लावण्याचा अर्ज द्यावा लागतो. नाही दिला तर त्या व्यक्तीपुरते अपील आपोआप संपुष्टात येते, आणि त्यानंतर ते जिवंत करायचा अर्ज पुढच्या ६० दिवसांत द्यावा लागतो. वाटपाच्या दाव्यात हिस्से एकमेकांत गुंतलेले असल्याने एका चुलत्याच्या वारसांची नावे न लागल्याने सगळे अपील कोसळू शकते. विरुद्ध बाजूच्या म्हाताऱ्या आत्याच्या तेराव्याला जाऊन आलेली मंडळी ती बातमी वकिलाला मात्र कळवत नाहीत, असे वारंवार घडते. वारल्याचे समजताच मृत्यू दाखला आणि सर्व वारसांची नावे, वये व पत्ते वकिलाकडे पोचवावेत. मुलींची नावे गाळू नयेत.

दुसरे अपीलही फेटाळले गेले, तर त्याच उच्च न्यायालयात आणखी अपील नाही. कलम १०० अ ने ते दार बंद केले आहे. निकालात उघड चूक दिसत असेल तर ३० दिवसांत पुनर्विलोकनाचा अर्ज करता येतो, पण त्यात प्रकरण नव्याने मांडता येत नाही. सर्वोच्च न्यायालयात अनुच्छेद १३६ खाली विशेष अनुमती याचिका ९० दिवसांत दाखल करता येते. तिथे अपिलाचा हक्क नसतो, अनुमतीची विनंती असते. दिल्लीच्या वकिलाला मूळ दावा, दोन्ही निकालपत्रे आणि उच्च न्यायालयाने मांडलेला किंवा नाकारलेला प्रश्न, एवढे कागद भाषांतरासह पाठवावे लागतात, आणि ते सगळे एकाच फाइलमध्ये पहिल्या दिवसापासून जपून ठेवलेले असतील तर त्या ९० दिवसांतले निम्मे वाचतात.